नमुना पास, माल नापास: लाकडी खेळणी निर्यात करताना पुन्हा पुन्हा येणारी तीच अडचण

आधी लक्षणं. यातलं एखादं ओळखीचं वाटलं तरच पुढे वाचा.

मार्चमध्ये लॅबनं पास केलेला लाकडी नंदी ऑगस्टच्या मालात नापास होतो, आणि मिस्त्री शपथेवर सांगतो की काहीच बदललेलं नाही. रिपोर्ट हातात असतानाही खरेदीदार लिहितो, हा चालणार नाही. तुमच्या रिपोर्टात शिसं मर्यादेच्या कितीतरी खाली असतं, पण तिकडच्या बंदरावर पेटीतून काढलेल्या नगात ते भरपूर निघतं. ओढता ओढता चाक हातात येतं. रंग बरोबर, सांधे पक्के, तरी खोक्यावरच्या एका ओळीपायी माल अडकतो. लहान मुलाची खुर्ची आणि खेळण्यातलं किचन एकाच प्रकारच्या कागदांवर पाठवलं, त्यातलं एकच सुटलं.

वरवर पाहता हे सगळे वेगवेगळे आजार. नागपुरातल्या हिंगणा रोडवरच्या माझ्या शेडमध्ये आणि ओळखीच्या चार-पाच कारखान्यांत हा गुंता मी इतक्यांदा सोडवलाय की आता माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो: जो नग तपासला, तोच पॅक केला का? सगळे जण ‘हो’ म्हणतात. मग आम्ही शेडमध्ये फिरतो, आणि तासाभरात ‘नाही’ निघतं.

उदाहरणाला आमचा नंदीच घेतो. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, नागपुरात पोट्टे लाकडी नंदी दोरीनं ओढत घरोघर बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे, मागत फिरतात. चार चाकं, दोन शिंगं, गळ्यात पितळी घुंगरू, मण्यांची दोरी. दिसायला साधी वस्तू, पण जवळजवळ प्रत्येक चाचणीत अडकायला अगदी सोयीची.

खालची तपासणी फुकटापासून महागापर्यंत अशा क्रमानं आहे. क्रम मोडू नका. आधी लॅबला पैसे भरून मग खोक्यावरची चूक सापडली, असं माझं दोनदा झालंय.

रिपोर्ट मोठ्यानं वाचा

टेबलावर एका बाजूला रिपोर्ट ठेवा, दुसऱ्या बाजूला आज पॅक झालेला नग. एकानं वाचायचं, दुसऱ्यानं वस्तूवर बोट ठेवायचं. फोटो, आयटम नंबर, वयोगट, रंग, मानकाचं नाव, तारीख. अर्धा तास लागतो, पैसा लागत नाही, आणि बऱ्याच अडचणी इथेच संपतात.

रंगांवर जास्त लक्ष द्या. रिपोर्टात लाल, पिवळा, हिरवा असेल आणि खरेदीदारानं मागून निळी झूल मागितली असेल, तर त्या निळ्याची चाचणी झालेलीच नाही. अमेरिकेच्या नियमांत रंग, गोंद किंवा सुटा भाग बदलणं हा मोठा बदल धरला जातो आणि त्या भागाची चाचणी पुन्हा करावी लागते. काहीही बदललं नाही तरी चालू उत्पादनाची चाचणी साधारणपणे वर्षातून एकदा व्हायलाच हवी.

मानकाची आवृत्तीही बघा. अमेरिकेत एएसटीएम एफ963 या खेळण्यांच्या सुरक्षा-मानकाची 2023 ची आवृत्ती 20 एप्रिल 2024 पासून सक्तीची आहे. जुन्या 2017 च्या आवृत्तीचा रिपोर्ट आजच्या मालाला जोडून काही उपयोग नाही. युरोपसाठी खेळण्यांचं मानक ईएन 71: त्याचा भाग 1 तुटणं-टोचणं-गिळणं यांचा, भाग 2 पेट घेण्याचा, भाग 3 रसायनांचा. तीनही भाग केलेत का, की फक्त तिसरा करून कोणी पैसे वाचवलेत?

आणि लॅब कोणती? एनएबीएलची, म्हणजे आपल्याकडे लॅबना मान्यता देणाऱ्या मंडळाची, मान्यता चांगलीच, पण अमेरिकेसाठी तेवढी पुरत नाही. तिथल्या ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगानं त्या विशिष्ट चाचणीसाठी स्वीकारलेली लॅब लागते. यादी आयोगाच्या संकेतस्थळावर फुकट दिसते.

प्रमाणपत्र नक्की कोणाचं?

इथे आपल्याकडे फार घोळ आहे. खेळण्यांवर आयएसआय चिन्ह सक्तीचं करणारा आदेश 2020 चा, लागू 1 जानेवारी 2021 पासून, आणि मानक आयएस 9873. हे सगळं देशातल्या विक्रीसाठी. निर्यातीचा माल त्या आदेशातून वगळलेला आहे, आणि तिकडचा खरेदीदार आयएस 9873 चा रिपोर्ट स्वतःच्या कायद्यासाठी धरत नाही. त्यामुळे ‘आमच्याकडे बीआयएस (भारतीय मानक ब्युरोचं प्रमाणपत्र) आहे’ हे वाक्य त्याला पाठवू नका.

युरोपात सीई, म्हणजे वस्तू तिथल्या नियमांत बसते असं सांगणारं चिन्ह, उत्पादकानं स्वतः लावायचं असतं. मान्य मानकं पूर्ण पाळली असतील तर घोषणापत्रावर सही तुमची, आणि तांत्रिक फाइल 10 वर्षं सांभाळायची तीही तुम्हीच. मानकात न बसणारं काही असेल तरच तिथल्या अधिसूचित (सरकारनं नेमलेल्या) तपासणी संस्थेकडून नमुना-तपासणी करून घ्यावी लागते. अमेरिकेत उलट आहे: बाहेरून आलेल्या मालासाठी मुलांच्या उत्पादनाचं प्रमाणपत्र आयातदार काढतो, तुमच्या लॅब रिपोर्टच्या आधारावर. त्या प्रमाणपत्राचे तपशील माल येताना इलेक्ट्रॉनिक पद्धतीनं भरण्याची सक्ती 8 जुलै 2026 पासूनची आहे. म्हणजे रिपोर्टातल्या आयटम नंबरात एक अक्षर चुकलं, तर पूर्वी माणसाच्या नजरेतून सुटायचं ते आता संगणकात अडकणार.

एका दलालानं मला एकदा ‘सीई सर्टिफिकेट’ विकलं होतं. जाड कागद, सोनेरी शिक्का, खाली वेटोळी सही. तो कागद अजून ऑफिसात लावून ठेवलाय, नवीन माणसाला दाखवायला.

वय खोडून चालत नाही

छोटे भाग निघतात म्हणून खोक्यावर ‘3 वर्षांवरील’ छापायचं, ही युक्ती सगळ्यांना सुचते. दोरीनं ओढायचं खेळणं हे नुकतं चालायला लागलेल्या मुलाचं खेळणं मानलं जातं. तुम्ही काहीही छापा, तपासणारा त्याला तीन वर्षांखालच्या मुलाच्याच नियमांनी तपासणार. उलट तीन वर्षांखालच्या मुलाच्या वस्तूवर ‘तीनखालच्यांना नको’ अशी सूचना छापली की तीच एक वेगळी त्रुटी होते.

दोरीचंही इथेच पाहून घ्या. युरोपात अशी दोरी किमान 1.5 मिमी जाड लागते. अमेरिकेत तीन वर्षांखालच्या मुलाच्या खेळण्याची ओढायची दोरी 30 सेंटीमीटरहून लांब असेल, तर तिला गुंतून फास बनेल असा मणी किंवा गाठोडं चालत नाही. आमच्या नंदीचे रंगीत मणी त्या पायी गेले. वाईट वाटलं, पण गेले.

नळी, काटा, बादली

आता थोडा खर्च. खरादवाल्याकडून एक लाकडी नळी करून घ्या: आतला व्यास 31.7 मिमी, आणि तळ तिरका, एका बाजूनं खोली 25.4 मिमी, दुसऱ्या बाजूनं 57.1 मिमी. लहान मुलाच्या घशाचा हा अंदाज. तीन वर्षांखालच्या खेळण्याचा निघालेला कोणताही तुकडा न दाबता यात पूर्ण मावला, कुठल्याही बाजूनं मावला, की नापास. दहा-बारा नग फोडून तुकडे घालून पाहा. आमच्या नंदीचं चाक मावत नव्हतं. चाकाची टोपी मावत होती.

मग सामान मोजायचा हुकवाला काटा घ्या. शिंग, कान, शेपटी, चाकाची टोपी, सगळं धरून ओढा. युरोपच्या मानकात 6 मिमीपेक्षा मोठ्या भागाला 90 न्यूटनचा ताण देतात, म्हणजे साधारण 9 किलो, आणि तो 10 सेकंद धरतात. त्याआधी भाग पिरगाळून पाहतात. तुम्हीही पिरगाळा, कारण नुसत्या ओढण्याला टिकणारं शिंग पिळल्यावर फिरतं आणि मग सुटतं. नंतर 85 सेंटीमीटरवरून पाच वेळा खाली टाका. लॅबमध्ये पोलादी पाट असतो, तुमच्याकडे शहाबादी फरशी असेल. निकाल तंतोतंत लॅबसारखा येणार नाही, पण जे फरशीवर फुटतं ते तिथेही फुटतं.

सर्वांत स्वस्त आणि सर्वांत उघडं पाडणारी परीक्षा पाण्याची. गोंदानं जोडलेल्या लाकडी खेळण्याला युरोपचं मानक पाण्यात 4 मिनिटं बुडवतं, बाहेर 10 मिनिटं ठेवतं, आणि असं चार वेळा करतं. म्हणजे तासाभराचं काम. पहिल्या फेरीत काही होत नाही. तिसरीत शिंगाच्या बुडाशी पांढरी दुधाळ रेघ दिसते. तो विरघळायला लागलेला गोंद. चौथ्या फेरीनंतर शिंग बोटानं निघतं. घरच्या फर्निचरचा साधा पांढरा गोंद इथे हरतो. पाण्याला टिकणारा, निदान डी3 वर्गाचा घ्या, आणि डबा संपेपर्यंत त्याच डब्यातून काम करा. हे ‘त्याच डब्यातून’ का, ते आता सांगतो.

रंगाचं कपाट

शिशाचा दोष बहुधा इथे सापडतो. एकदा आमच्या पिवळ्या शिंगात शिसं निघालं. रिपोर्ट पास, डबा ओळखीचा, सगळं तेच. तीन दिवस डोकं खाजवल्यावर मिस्त्रीला सहज विचारलं की शेवटच्या खेपेला रंग पुरला का.

“सरला होता ना भाऊ,” तो म्हणाला. “मंग शेजारचा डबा फोडला. पिवळा तं पिवळाच असते.”

शेजारचा डबा यंत्रांना मारायच्या इनॅमलचा होता. आपल्याकडे घरगुती आणि सजावटीच्या रंगांत शिशाची मर्यादा 90 पीपीएम (दहा लाखांत 90 भाग), हा नियम 1 नोव्हेंबर 2017 पासून लागू आहे. औद्योगिक रंग त्या नियमात येत नाहीत. पिवळा, नारिंगी आणि काही लाल रंग चकचकीत यावेत म्हणून त्यांत शिशाचं क्रोमेट घालण्याची जुनी पद्धत आहे. म्हणून आधी याच तीन रंगांचे डबे बघा. अस्तरही बघा, कारण वरचा थर स्वच्छ आणि खालचं प्रायमर घाण, असं होतं आणि खरवडताना दोन्ही थर निघतात.

अमेरिका आणि युरोप शिसं वेगवेगळ्या रीतीनं मोजतात, हेही ध्यानात असू द्या. अमेरिकेत वाळलेल्या रंगात एकूण किती शिसं आहे ते पाहतात, मर्यादा 90 पीपीएम. युरोपात खरवडलेल्या रंगातून पोटातल्यासारख्या आम्लात किती शिसं उतरतं ते पाहतात, आणि तिथे मर्यादा किलोमागे 23 मिलिग्रॅम. म्हणून एकाचा रिपोर्ट दुसऱ्याला चालत नाही.

कपाटाचा इलाज साधा आहे. निर्यातीच्या रंगाला वेगळं कपाट, वेगळं कुलूप, वेगळे ब्रश. प्रत्येक डब्यावर बॅच नंबर, आणि तो नंबर रोजच्या वहीत. ब्रश वेगळे ही गोष्ट लोक हसण्यावारी नेतात. थिनरच्या एकाच डब्यात सगळे ब्रश बुडवले की जुना रंग नव्यात उतरतोच.

दोन सोपे वाटणारे मार्ग आजमावू नका. बाजारात मिळणारी शिशाची काडी, रंगावर घासून लाल होते ती, 90 पीपीएमच्या आसपास भरवशाची नाही. काडी पांढरी राहिली म्हणून माल चांगला ठरत नाही. आणि इतवारीच्या सराफ्यात सोन्याचा कस पाहायची एक्स-रे मशीन असते, तिच्यावर नंदी ठेवून मी पाहिलाय. सराफानं चहा पाजला, आकडा काही कामाचा आला नाही. ती मशीन मौल्यवान धातूंसाठी बसवलेली असते.

पितळ

घुंगरू, खुंटी, कडी, बिजागरी. खरादावर सहज कातता यावं म्हणून पितळात शिसं घालतात, कधी दोन-तीन टक्के. तीन टक्के म्हणजे 30,000 पीपीएम. अमेरिकेत मुलाच्या हाताला लागणाऱ्या भागात मर्यादा 100 पीपीएम. म्हणजे घुंगरू चाचणीला जाण्याआधीच हरलेलं. काढून टाका किंवा लाकडाचं करा. न रंगवलेलं, प्रक्रिया न केलेलं नैसर्गिक लाकूड अमेरिकेत शिशाच्या चाचणीतून सुटतं, म्हणून लाकडी घंटा स्वस्तही पडते. वाजत नाही, एवढंच.

लाकडातलं पाणी

मार्चचा नमुना पास आणि ऑगस्टचा माल नापास, यामागे बहुतेक वेळा आपलं हवामान असतं.

लाकूड आडव्या बाजूनं फुगतं आणि आकसतं, लांबीत जवळजवळ नाही. मार्च-एप्रिलच्या नागपुरी उन्हात लकडगंजातून आणलेलं सागवान किंवा शिवण कोरडं ठणठणीत असतं. तेव्हा आखावर ठोकलेली टोपी पुढे आकसत नाही. ऑगस्टमध्ये हवा दमट, लाकूड फुगलेलं. टोपी बसवताना घट्ट जाते, उलट जास्तच घट्ट, आणि मिस्त्री खूश होतो. तोच नग तीन आठवड्यांनी वातानुकूलित लॅबमध्ये किंवा हिवाळ्यात हीटर लावलेल्या घरात पोचतो, टोपीचा दांडा सुकून बारीक होतो, आणि बोटानं निघतो. कारखान्यात कुणीच चूक केलेली नसते.

ओलावा मोजायचा दोन सुयांचा मीटर घ्या. 8 ते 10 टक्क्यांच्या आत लाकूड आल्याशिवाय टोपी, शिंग, चाक बसवू नका. मीटर ओंडक्याच्या टोकावर टोचू नका, टोक आधी सुकतं आणि फसवतं. मधून चिरून तिथे टोचा. पावसाळ्यात लाकूड सुकवायची भट्टी नसेल तर सांधेजोड थांबवा आणि त्या दिवसांत कापणी, घासणी करा. हे खरेदीदाराला आधीच सांगून ठेवलेलं बरं, कारण दिवाळी-नाताळची ऑर्डर नेमकी तेव्हाच असते.

खेळाचं फर्निचर

इथे पहिला प्रश्न चाचणीचा नसून जातीचा आहे. खेळण्यातलं किचन हे खेळणं. मुलानं बसून जेवायची खुर्ची युरोपात खेळणं नाही, ते फर्निचर. तिच्यावर 13 डिसेंबर 2024 पासून लागू झालेला सर्वसाधारण उत्पादन सुरक्षा नियम चालतो, आणि तिच्यावर सीई चिन्ह लावणं हीच चूक. अमेरिकेत दोन्ही मुलांची उत्पादनं, दोन्हींना प्रमाणपत्र हवं, पण लहान मुलांच्या घडीच्या खुर्च्या-स्टुलांना वेगळा नियम आहे. एकाच प्रकारच्या कागदांवर त्यातलं एकच का सुटलं, त्याचं उत्तर बहुधा इथेच.

बिजागरीच्या फटीत 5 मिमीची सळई जात असेल तर 12 मिमीचीही जायला हवी. मधल्या मापात बोट चिरडतं. खेळण्यांच्या पेटीचं झाकण कुठेही सोडलं तर तिथेच थांबायला हवं आणि आत हवा जायला भोकं हवीत. प्लायवुडच्या वासाकडे दुर्लक्ष करू नका: अमेरिकेत फॉर्मल्डिहाइडची मर्यादा प्लायवुडसाठी 0.05 पीपीएम आहे आणि त्या नियमाखाली प्रमाणित केलेलंच बोर्ड लागतं. दुकानदाराचं ‘एक्स्पोर्ट क्वालिटी’ म्हणजे कागद नव्हे.

खोकं

पटकन: नगावर तुमचं नाव, नागपूर, महिना, बॅच, सहज पुसलं न जाणारं. युरोपच्या मालावर आयातदाराचा पत्ता, सीई किमान 5 मिमी उंच. प्लास्टिक पिशवी मोठ्या तोंडाची असेल तर सरासरी 38 मायक्रॉन जाड. लाकडी पेटी असेल तर उष्णतेची प्रक्रिया केलेली, गाभ्यापर्यंत 56 अंश, 30 मिनिटं, आणि तसा शिक्का मारलेली. शिक्क्याचा फोटो माल रवाना करण्याआधी काढा, नंतर पेटीची ती बाजू दिसत नाही.

इथे हात थांबवा

माल तिकडे विकला गेलाय आणि मग दोष कळला, तर कारखान्यात दुरुस्ती शोधत बसू नका. त्याच दिवशी आयातदाराला लेखी कळवा. अमेरिकेत अशी माहिती मिळाल्यावर आयोगाला 24 तासांत कळवायची जबाबदारी असते, आणि ते वकिलाचं काम आहे.

झोका, घसरगुंडी, चढायची शिडी: यांचं बळ, डोकं अडकण्याची मापं, जमिनीला धरून राहणं, हे घरी तपासता येत नाही. आधी डिझाइनच लॅबच्या तंत्रज्ञाला दाखवा. बॅटरी किंवा लोहचुंबक आला, तेव्हाही तसंच. टालीवर लाकडाला वाळवीचं औषध मारलेलं आहे आणि कोणतं ते कोणी सांगत नाही, अशा वेळी ते लाकूड खेळण्यात घालूच नका. आणि रंगात शिसं निघालं की घासून पुन्हा रंगवायच्या भानगडीत पडू नका. खालचा थर लाकडाच्या रेषांत राहतो आणि घासताना उडालेली भुकटी मिस्त्रीच्या छातीत जाते.

असा नापास माल तान्ह्या पोळ्याच्या बाजारात काढायचा मोह होतो. आपल्याकडे विकायला आयएसआय चिन्ह लागतं, ही एक गोष्ट. दुसरी म्हणजे नंदी तोंडात घालणारी पोरं इथलीही असतात.

एवढं सगळं करूनही पुन्हा चाचणी करावी लागलीच, तर पूर्ण खेळणं लगेच पाठवू नका. आधी प्रत्येक रंगाचा वाळलेला पापुद्रा वेगळा तपासून घ्या. अमेरिकेचे नियम सुट्या भागाची चाचणी धरतात, आणि ती पूर्ण खेळण्यापेक्षा स्वस्त पडते. तो रंग पास झाला की त्याच बॅचचे डबे कुलपात, आणि मग नंदी मुंबईच्या लॅबला.

नग कोण निवडतो, तेही पाहा. मी मिस्त्रीला निवडू देत नाही. तो सगळ्यांत देखणा नंदी काढतो, त्याला पुन्हा एक हात पॉलिश मारतो, आणि शिंगं गोंद लावून परत ठोकतो. मी पॅक झालेलं मधलं खोकं फोडतो, आतला तिसरा नग उचलतो, आणि तसाच कुरिअरच्या पिशवीत टाकतो.